गिऱ्हाईक आलं की आत

"ही वेडी इथं काय करते?"

रोह्याच्या त्या बाईंनी हे मला नाही विचारलं. माझ्याकडे बोट दाखवून शेठला विचारलं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तीपुढे ब्रश घेऊन बसले होते. बाई माझ्या सासरच्या शेजारीण. मला स्किझोफ्रेनिया आहे हे कळल्यावर सासरच्यांनी मला पेणजवळच्या जिते गावात भावाकडे आणून टाकलं, ते त्यांना माहीत होतं.

शेठ हसला. "नाय वो बाय, ती झाडलोट करते. देवाला हात नाय लावत."

धडधडीत खोटं. त्या फळीवरच्या सगळ्या मूर्तींची आखणी माझी होती. आखणी म्हणजे डोळे काढणं. अंगाला रंग कुणीही मारतो, डोळे दोघातिघांनाच जमतात.

मला ते फुकट नाही मिळालं. गोळ्यांनी हात थरथरायचा, सकाळी डोकं जड असायचं. वहिनी म्हणायची, "कामाची इच्छाच नाय गो तुला." इच्छा नाही? जुन्या पाटीवर महिनाभर डोळे काढले, पुसले, पुन्हा काढले. डाव्या हाताने उजवं मनगट धरून. कानातले आवाज सांगायचे, तुला काही येत नाही. आखायला बसले की ते मागे पडायचे. म्हणून मला काम हवं होतं.

शेठला माझा हात हवा होता, मी नको होते. गिऱ्हाईक आलं की मी उठून आत जायचं, मातीच्या खोलीत. दोन हंगाम मी मुकाट्याने गेले. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी एक डोळा अर्धा झाला होता. तसाच सोडला तर रेघ जुळत नाही, म्हणून मी बसून राहिले आणि बाईंना दिसले.

बाईंनी फळीवरची एक मूर्ती उचलली. "डोळे बघा किती गोड काढलेत!"

"चल गो, आत हो," शेठ माझ्यावर खेकसला.

मी उठले नाही. "ते डोळे मी काढलेत," मी म्हणाले. "मला आजार हाय. गोळ्या खाते, काम करते. आत जाणार नाय."

बाईंनी मूर्ती घाईने खाली ठेवली. पदराला हात पुसले. शेठने मला तिथल्या तिथे कामावरून काढून टाकलं.

चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला. गणपती तोंडावर आले होते, आखणीला माणूस नव्हता. "मागच्या खोलीत बसून आख, कुणाला दिसू नको." वहिनी म्हणाली, "जा गो, नखरे कसले?" मी गेले नाही.

काम गेल्यावर आवाज वाढले. हेही सांगते, कारण गोड शेवट लावायची मला हौस नाही. पेणमध्ये कारखाने गल्लोगल्ली आहेत. मी एकेकाच्या दारात जाते. आधी आजार सांगते, मग हात दाखवते. बरेच जण हाकलतात. हाकलू देत. लपून करायचं काम मी या जन्मात पुन्हा करणार नाही.