पुरणपोळ्यांचं त्रैराशिक

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. शनिवारी दुपारी चार माणसं एका टेबलाशी बसली आणि चहा वेळेवर आला, की ते आपोआप साचत जातात. आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत तर आता कुणी "काकूंची दहावी" एवढं म्हटलं तरी बाकीचे आधीच हसायला लागतात.

आधी माणसं सांगते. मालतीकाकू आमच्या सोसायटीत डबे देतात. नववीनंतर शाळा सुटली, मग लग्न, मग दिल्ली. नोएडात हॉटेल मॅनेजमेंट शिकवणारी एक संस्था आहे. तिथल्या प्राचार्यांनी कुणाच्या तरी साखरपुड्यात काकूंच्या हातचं जेवण खाल्लं आणि मराठी स्वयंपाक शिकवायला थेट नोकरीवरच बोलावलं. फक्त नियम होता, किमान दहावी पास. प्राचार्य भला माणूस. म्हणाले, "मॅडम, आप दसवीं कर लीजिए, अगले सेशन तक जगह मैं रखता हूँ."

काकूंना ती नोकरी मनापासून हवी होती. काकांना म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांनी माझं खाल्लं. आता एकदा माझं ऐकू दे."

मुक्त शाळेतून बाहेरून बसायचं ठरलं आणि आम्ही तिघं शिकवणीला लागलो. गणिताला शेंडे सर. शाळेतून रिटायर झाले, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झाली नाही. विज्ञान आणि नावापुरतं गृहविज्ञान शबाना मुजावरकडे. ती कोल्हापूरची, केमिस्ट्रीत पीएच.डी., सरकारी प्रयोगशाळेत आहे. मी इथे केंद्राच्या एका मंत्रालयात फायली सरकवते, पण इतिहासात एम.ए. आहे, म्हणून सामाजिक शास्त्रं मी घेतली. माझ्या एम.ए.चा आजवर तेवढाच उपयोग झालाय.

*

पहिल्याच दिवशी सरांनी त्रैराशिक काढलं. काकूंना सोपं जावं म्हणून स्वयंपाकघरातलं गणित घातलं.

"चार बायका दोन तासांत दोनशे पुरणपोळ्या करतात. तर आठ बायका दोन तासांत किती करतील?"

काकू म्हणाल्या, "दीडशे."

सरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा वाचलं. काकू म्हणाल्या, "हो, दीडशेच. शेगडी एकच ना? आठ जणी एका शेगडीशी उभ्या राहिल्या की कोपराला कोपर लागणार. त्यातल्या दोघी तर नुसत्या बोलणार."

"मालतीबाई, गणितात बायका बोलत नाहीत."

"मग त्या पुरणपोळ्या कसल्या करतायत?"

सर चिडत नाहीत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे आणि दिल्लीतल्या कितीतरी पोरांनी ते ऐकलेलं आहे. "आधी लिहून घ्या. मग भांडा." काकूंनी वहीत "चारशे" लिहिलं, पण चेहरा असा केला की जणू कुणी त्यांच्या डब्यात बाहेरची भाजी भरली.

*

नागरिकशास्त्र मात्र त्यांना एकदम आवडलं. मी संसद शिकवली, त्यात कोरम आला, म्हणजे ठराव करायला किमान किती सभासद हजर हवेत ते. त्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. आमचे सेक्रेटरी गुप्ताजी दर वेळी पाच-सहा माणसं जमली की सगळं पास करून मोकळे होतात. त्यांनी ठराव वाचायला घेतला तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "गुप्ताजी, कोरम पूरा है?"

गुप्ताजींनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि आमच्या सोसायटीत तीन तर वकील आहेत.

*

गणपतीत महाप्रसाद काकूंकडे असतो. दर वर्षी अंदाजाने. यंदा म्हणाल्या, "सर, त्रैराशिकाने तांदूळ काढू या." दोघांनी बसून गणित मांडलं. माणसं किती, मुठी किती, मुलांना अर्धं. मी खरं सांगते, मला धाकधूक होती. पंगत उठली आणि पातेल्यात भाताचं एक शीत उरलं नाही, भात कमीही पडला नाही.

सरांचा आनंद गगनात मावेना. काकू मात्र पातेल्याकडे बघत उभ्या होत्या. "उद्या फोडणीचा भात कशाचा करू?" त्या म्हणाल्या. विसर्जनानंतरचा तो फोडणीचा भात खायला पार दिल्लीच्या दुसऱ्या टोकाहून, द्वारकेहून लोक येतात, हे गणितात धरायचं राहून गेलं होतं.

*

एक हसण्यासारखा नाही, पण सांगते.

शबाना जंतूंचा धडा घेत होती. उष्णतेत ते किती भराभर वाढतात, दूध का नासतं, तापवून गार जागी का ठेवायचं. काकूंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ते परत वाच."

शबानाने परत वाचलं.

"लग्न होऊन आले तो पहिला उन्हाळा. फ्रिज नव्हता. रोज दूध नासायचं. सासूबाई म्हणायच्या, सुनेचा पायगुण."

"काकू, दिल्लीचा जून होता तो. त्यात पायगुण कसला?"

काकूंनी पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं आणि बोट ठेवून ते पान सावकाश वाचलं. "हे एवढं एका पानात होतं होय," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं, आणि पहिल्यांदा असंही वाटलं की ही दहावी फक्त नोकरीसाठी राहिलेली नाही. शबाना उठून चहा करायला गेली.

*

निकाल लागला. गणितात पास, विज्ञानात पास, माझ्या विषयात तर उत्तम. गृहविज्ञानात नापास!

आमचा विश्वासच बसेना. त्या विषयाचा आम्ही अभ्याससुद्धा घेतला नव्हता, म्हणजे इतकी खात्री. काकूंना विचारलं, असं लिहिलं तरी काय?

"भात शिजवण्याची योग्य पद्धत लिहा, असं होतं. मी लिहिलं, तांदूळ जुना की नवा ते प्रश्नात दिलेलं नाही, म्हणून उत्तर देता येत नाही."

सरांनी मान खाली घातली. "माहिती अपुरी असेल तर तसं लिहा, हे मीच शिकवलंय."

"आणि बाकीचे प्रश्न?"

"त्यांतही अपुरीच होती."

हसलो आम्ही, पण काकू हसल्या नाहीत. नवं सेशन जवळ येत होतं. हा एक विषय पुन्हा गेला असता तर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागली असती. प्राचार्यांनी फोन करून तसं सांगितलंही होतं, बिचारे अवघडून बोलत होते.

मग शबानाने सूत्रं हातात घेतली. "काकू, पेपरात स्वयंपाकघरातून बाहेर यायचं. जन्मात कधी चहासुद्धा केलेला नाही असं समजायचं आणि पुस्तकात आहे तेवढंच लिहायचं."

"असा विचार कसा करायचा गं?"

ते त्यांचं त्यांनाच सुचलं. पेपर देऊन आल्या तेव्हा खुशीत होत्या. "सोपा गेला. प्रत्येक प्रश्नाला आधी मनात म्हटलं, आमचे हे काय लिहितील? आणि तेच लिहिलं." काका शेजारीच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र वाचणं चालू ठेवलं.

काकू त्या विषयात फर्स्ट क्लासमध्ये पास झाल्या.

*

नोएडातल्या त्यांच्या पहिल्या तासाला आम्हा तिघांना खास बोलावणं होतं. आम्ही मागच्या बाकावर. समोर पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं-पोरी, आणि ओट्यापाशी काकू, नव्या साडीत. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर हिंदीत गणित लिहिलं. चार जण, दोन तास, दोनशे पुरणपोळ्या. आठ जण किती करतील?

"चार सौ, मॅम," सगळा वर्ग म्हणाला.

"बिल्कुल सही. पीछे मेरे सर बैठे हैं, वो भी यही कहते हैं."

सर खुश होऊन जरा ताठ बसले. काकूंनी एकच शेगडी पेटवली, तवा ठेवला आणि म्हणाल्या, "चलो, आठ लोग आगे आओ."

आठ जण पुढे आले. पहिली पोळी तव्यावर पडेपर्यंत कोपर लागून एकाची टोपी पुरणात पडली होती, दोघी बोलत होत्या, आणि चार जण आपणहून मागे सरकून भिंतीला टेकले होते.

सर उठून उभे राहिले. काहीतरी बोलणार होते.

काकूंनी उलथनं वर केलं. "सर, आधी लिहून घ्या. मग भांडा."