आवाज बाहेर गेलाय, बसा

गाणं तयार करून देतो म्हणून घरी बोलवायचं आणि आलेल्या माणसाला ओलीस धरून ठेवायचं, असा उद्योग करणारा गृहस्थ आख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा मामेसासरा आहे. जालन्यातच मस्तगडला त्यांचं घर. आयुष्यभर आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवलं, सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत पेटी वाजवली आणि निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत रेकॉर्डिंगचा स्टुडिओ टाकला. स्टुडिओ म्हणजे एक कॉम्प्युटर, एक छोटा कीबोर्ड आणि बाकी सगळी वायर. पायात वायर न अडकता त्या खोलीतून बाहेर पडलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. मी टेंभुर्णीला मास्तर आहे. शाळेच्या कामाने जालन्याला आलो की मामांकडे जरा डोकावून येतो, असं मी घरी सांगून निघतो आणि बायको त्या दिवशी माझा स्वयंपाक धरत नाही.

कॉम्प्युटर त्यांच्या मुलाने घेऊन दिला. मुलगा पुण्याला असतो. मामी गेल्यानंतर बापाला काहीतरी विरंगुळा हवा म्हणून त्याने गाण्याचा प्रोग्रॅम टाकून दिला आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं, "पप्पा, आता सगळं आतच आहे. पेटी आत, सनई आत, ढोलकी आत. इकोसुद्धा आत. विहिरीत गायल्यासारखा पाहिजे तर विहिरीचा, हॉलमधला पाहिजे तर हॉलचा. तुम्हाला कुठं बाहेर जायचं काम नाही." मामांना नेमकं हेच खटकलं. मुलगा पुण्याला परत गेल्यावर ते मला म्हणाले, "आतल्या आत वाजून राह्यलं, आतल्या आत घुमून राह्यलं. त्याला वारं कधी लागायचं, जावईबापू?"

मग त्यांनी माळ्यावरून गायन पार्टीच्या काळातली इको मशीन खाली काढली. लोखंडी डबा, समोर लाल दिवा. तेव्हापासून मामांची रीत ठरली. कॉम्प्युटरातल्या पेटीचा आवाज वायरीने बाहेर काढायचा, त्या डब्यातून फिरवायचा, तिथून मुलाच्या रिकाम्या खोलीतल्या स्पीकरवर वाजवायचा, समोरच्या कोपऱ्यातल्या माइकने पकडायचा आणि दुसऱ्या वायरीने परत कॉम्प्युटरात आणून सोडायचा. जी पेटी मुळात खरी नाहीच, तिला अशी घरभर हिंडवून आणायची आणि वर म्हणायचं, "ऐका. आता माणसात आली."

एवढा फेरा मारून आलेला आवाज मागे पडतो. म्हणून आधी नुसती एक 'टक' पाठवायची. ती परत यायला किती वेळ लागतो हे प्रोग्रॅम बघतो आणि बाकीच्या वाद्यांना तेवढं थांबवून धरतो. मामा त्या वेळी डोळे मिटून बसतात. "गेली," म्हणतात, आणि लगेच, चेहरा उजळून, "आली!" रोज आलीच आहे, तरी रोज तोच आनंद. "बाहेर गेलेल्याला वेळ लागतोच की," असं ते एकदा चहा गाळताना मला सांगत होते. "घरच्यांनी तेवढं थांबायचं, मंग बराबर जमतं." बोलण्याच्या नादात अर्धा चहा ओट्यावर गेला होता, आणि तेही माझ्याच वाटणीचा.

पण खरी गोम पुढे आहे. सगळं कॉम्प्युटरच्या आत असलं तर तो गाणं वाजवत बसत नाही, बटण दाबलं की पापणी लवायच्या आत तयार गाणं हातात ठेवतो. आवाज बाहेरच्या डब्यातून फिरवायचा म्हटला की मात्र गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत खरोखरच वाजवावं लागतं. घाई बिलकुल चालत नाही. त्यातून पलीकडच्या खोलीत माइक चालू, म्हणून पंखा बंद, मोबाईल बंद, बोलणं बंद, खोकला आला तर गिळून टाकायचा. मामा कानाला हेडफोन लावून बसणार आणि गिऱ्हाइकाने सतरंजीवर मांडी घालून भिंतीपलीकडून येणारी पेटी ऐकायची. तीर्थपुरीचा एक रसवंतीवाला जाहिरातीचं गाणं करून घ्यायला आला होता. "मामा, जल्दी करा ना, टेंपो उभा हाय बाहेर." मामा म्हणाले, "टेंपो उभा ऱ्हाऊ द्या. तुम्ही बसा. आवाज बाहेर गेलाय, तो आल्याबिगर कसं उठायचं?" गाणं संपत आलं तोच खिडकीतून एक पारवा पलीकडच्या खोलीत शिरला आणि माइकसमोर घुमला. झालं, पुन्हा पहिल्यापासून. रसवंतीवाल्याने हात जोडले, पारवा राहू द्या म्हणाला. त्याच्या गाण्यात थंडगार रसाच्या शेवटी तो पारवा अजून घुमतो.

आणि एकदा तर मामांनी वायर उलटी खोचली. बाहेर गेलेला आवाज आत, आतला पुन्हा बाहेर, असं होत होत एवढी किंचाळी उठली की गल्लीतली माणसं चपला न घालता धावत आली. दुसरा कोणी ओशाळला असता. मामांनी सगळ्यांना आत घेतलं, सतरंजी झटकली, शेजारून कप मागवले आणि चहा केला. मी सासुरवाडीच्या एखाद्या कार्यातसुद्धा त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तशीच किंचाळी उठली. या वेळी कोणीच आलं नाही. समोरच्या बाईंनी खिडकीतूनच विचारलं, "मामा, ठीक हाय ना सगळं?" मामा म्हणाले, "ठीक हाय, ठीक हाय," आणि त्यांनी मांडलेले कप आत नेऊन ठेवले.

तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर वाईट वाटलं. त्या घरात माणूस येतो तो गाण्यापुरताच. गाणं जेवढं लांब, तेवढा वेळ घरात दुसरा श्वास असतो. जयंतीच्या आधी भीमगीतं करून घ्यायला मंडळाची पोरं यायची, हळदीची गाणीवाले यायचे, त्यांच्यावर मामांचे दिवस निघायचे. आता पोरं मोबाईलवरच गाणं जुळवतात. "तुमच्याकडं लई टाइम जातो मामा," असं तोंडावर सांगून गेलेलेही आहेत. दिवाळीला मुलगा, सून, नात येतात. पलीकडच्या खोलीत गाद्या पडतात, बॅगा उघडतात, दोरीवर टॉवेल लटकतात आणि आवाज घुमायचा पार थांबतो. "मेला इको! चार दिवस स्टुडिओ बंद!" असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगतात. मग ती मंडळी जातात, आणि इको पहिल्यापेक्षा छान येतो.

परवा स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत करून घ्यायला गेलो. भर दुपार होती. मी गेलो तेव्हा मामा दारातच उभे होते, कुणाची वाट बघत नसल्यासारखे. गाणं जुळवून झालं. "बसा जावईबापू, आवाज बाहेर चालला," म्हणत त्यांनी हेडफोन चढवले. मी सवयीने पंखा बंद केला, मोबाईल बंद केला आणि मांडी घातली. पडद्यावर रेघ सरकू लागली. मी पलीकडच्या पेटीची वाट बघत राहिलो. भिंतीपलीकडून काहीच येईना. मी डब्याकडे पाहिलं. लाल दिवा विझलेला होता. डब्याच्या पाठीमागच्या वायरी नीट गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यावर धूळ होती.

मशीन कधीच जळून गेली होती. गाणं आतल्या आतच चाललं होतं, मुलाने टाकून दिलेल्या इकोवर. बटण दाबलं असतं तर मी केव्हाच बसस्टँडवर असतो. पण मामा डोळे मिटून, मान हलवत, अख्खं स्वागतगीत एकटेच ऐकत होते, आणि मी त्या बंद पंख्याखाली घामाने निथळत त्यांच्याकडे बघत होतो. मला राग यायला हवा होता. तो आला नाही, खोकला आला, आणि नियम होता म्हणून तो गिळला.

गाणं संपल्यावर त्यांनी ते मोठ्याने लावून ऐकवलं. चांगलंच झालं होतं. "कसं आलं?" त्यांनी विचारलं, पण माझ्याकडे न बघता.

मी म्हणालो, "मधल्या कडव्यात जरा कमी घुमलंय मामा. परत एकदा बाहेरून फिरवून आणा ना."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग डब्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "टाइम लागंल," ते हळूच म्हणाले. "गाडी न्हाई का चुकायची तुमची?"

"चुकू द्या," मी म्हणालो.

गाणं ऐकवताना त्यांनी पंखा लावला होता. माइक नव्हता, मशीन नव्हती, पलीकडच्या खोलीत कोणी नव्हतं. मी उठून पंखा बंद केला आणि परत येऊन सतरंजीवर बसलो.