कात्री होती की नव्हती

गल्लीत तिला पोलीसकाकू म्हणत. धंदा शिवणकामाचा, पण संशय जन्मजात. झगा घट्ट होतो म्हणून कुणी परत आणला, की हिच्या मनात पाल चुकचुकलीच: स्वतः सुटली आणि नावं माझ्या मापाला!

भिंतीपलीकडे राहणाऱ्या धाकट्या जावेशी तर कित्येक वर्षं अबोला. भांडणात जाऊ तिला ‘वांझ’ म्हणाली होती. जाऊ म्हणे, “मी असं बोललेच नाही!” आता ती बिऱ्हाड हलवून परगावी निघाली होती. बोलायचं तर आत्ताच.

अशात जावेची लेक कॉलेजचा प्रयोग घेऊन आली. “काकू, शब्द ऐक, मग आठवतील तेवढे सांग.”

“तुझ्या आईनं पाठवलंय ना?”

“अगं, सगळ्यांवरच करतेय!”

काकूनं डोळे बारीक केले, पण कान दिला. मोबाइलवर पुतणीच्याच आवाजात शब्द आले: सुई, दोरा, कापड, बटण, काज, अस्तर, टाचणी, टाके. काकूनं घडाघडा म्हणून दाखवले आणि वर ‘कात्री’ही सांगितली.

“कात्री नव्हती, काकू.”

“नव्हती कशी? काजानंतर होती! माझ्या कानांनी ऐकली!”

पुतणीनं पुन्हा ऐकवलं. कात्री नव्हती. “तू पुसलीस,” काकू फणकारली. पुतणी हसली. “बहुतेक सगळे अशीच चूक करतात. आजूबाजूचे शब्द ऐकले की नसलेला शब्द मन आपणच भरून टाकतं. मग तो ऐकल्यासारखाच वाटतो.”

पोरगी गेली, पण काकूच्या जिवाला चैन पडेना. त्या भांडणातही मूलबाळ, पाळणा, नशीब हे सगळे शब्द निघाले होते. मग तो एक शब्द आपणच भरला असेल तर? बाई गं! उगाच एवढी वर्षं डूख धरला?

ती तडक शेजारी गेली. जाऊ खोकी बांधत होती.

“चुकलं माझं,” काकू दारातूनच म्हणाली. “तू तसं बोलली नसशील. मलाच भास झाला असेल.”

जावेच्या हातातली सुतळी सुटली. तिनं मान खाली घातली.

“बोलले होते, ताई. तोच शब्द. मग लाजेनं नाही म्हणत राहिले.”

काकू खोक्यावर बसली. तिचा संशय पुन्हा जागा झाला. “मग आत्ताच का सांगतेस? मी तर मानलं होतं.”

जाऊ रडत म्हणाली, “तुम्ही माझी माफी मागितलीत, ताई. ती घेऊन मी कुठं जाऊ?”