बंद डिस्कवरचा फोटो

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चेष्टा करून भल्याभल्यांना गप्प बसवणारा माणूस मी. आजही अंगारे-धुपारे मानत नाही. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही...

नारायणगावला एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. २००३च्या मार्चमध्ये शेजारच्या फोटो स्टुडिओची हार्ड डिस्क करप्ट झाली. त्यांनी नवी घेतली, जुनी माझ्याकडे टाकली. ती वर्षभर कपाटात तशीच पडून!

२००४च्या मे महिन्यात पिंपरी पेंढारच्या सोनाबाई आल्या. नवरा आदल्या जूनमध्ये छातीत कळ येऊन गेलेला. जन्मात एकदाच फोटो काढलेला — त्याच स्टुडिओत, आणि प्रिंट सगळ्या अर्जांना चिकटवून संपलेल्या.

"भाऊ, वर्षश्राद्धाला फुडं काय ठिवू? लेकीला बापाचं तोंड आठवंना झालंय. तेवढा फोटू काढून द्या की."

डिस्क जोडली. फायली निघाल्या चारेकशे, पण नावं, एक्स्टेन्शन सगळं उडालेलं. अशा वेळी मी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलचे आतले कच्चे कोड दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाईल उघडून सुरुवातीचे कोड बघतो. BM असेल तर बिटमॅप, PK म्हणजे झिप, FF D8 म्हणजे जेपेग फोटो. नाव पुसलं तरी फाईल काय आहे ते लपत नाही. भर दुपारी एकेक तपासत बसलो. बाई शेजारी स्टुलावर... "हे न्हाईत... हे बी न्हाईत..."

मग एक FF D8 उघडली. हसरा माणूस, अंगात कोरा पांढरा सदरा. बाई "अगं बाई!" म्हणून उठल्याच. पण लगेच पुढे वाकून बघायला लागल्या.

"भाऊ, फोटू काढाय आलो तवा ह्यांच्या अंगात निळा शर्ट व्हता. ह्यो सदरा माझ्या भावानं मयताला आणलेला. अंग ताठलेलं, बटनं लागंनात. तसंच उघड्या छातीनं न्हेलं ओ... वरीसभर तेच डोळ्यांफुडं येतंय."

डिस्क बंद पडली मार्चमध्ये, माणूस गेला जूनमध्ये! स्टुडिओवाल्यालाही असा फोटो आठवेना. दुसऱ्या कुणाचा म्हणावा, तर सख्खी बायको चुकेल होय? इतकी वर्षं डोकं खाजवतोय.

बाई मात्र घाबरल्या नाहीत. स्क्रीनवर बोट ठेवून गळ्यापासून खाली सदऱ्याची बटणं मोजत गेल्या... एक, दोन, तीन, चार.

"लागली की ओ सगळी," म्हणाल्या, आणि मग पोटभर रडल्या.