कापूर विझवून घेतलेली शपथ

ती घटना आठवली की मला आधी त्या बाईंची मराठी ऐकू येते, गुन्ह्याची आठवण मागाहून येते. तंजावूरच्या दुकानांत रंगीत टीव्ही आणि परदेशी साबण नुकते दिसू लागले होते, तेव्हाची गोष्ट. मी तिथे इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं मराठा राजांच्या काळापासून तिथलंच, पण बायको तमिळ, मुलं तमिळ. आई गेल्यावर घरात मराठी बोलायला भिंतींखेरीज कोणी उरलं नव्हतं.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत नकाशे काढत, ते आदल्या दिवशी सकाळपासून बेपत्ता होते. मी मराठीत बोललो तेव्हा बाईंना रडू फुटलं. ओळखीची खूण विचारली. म्हणाल्या, "सकाळीं हात कांपतात, सार. कॉफी सांडते. आंत थोडी गेली कीं थांबतात."

मी 'दारूचे व्यसन' असं लिहिलं आणि पुढचा रकाना विचारला. याला गाढवपणा म्हणतात, पण तो तेव्हा कळला नाही. खरं सांगायचं तर दारुडा बेपत्ता झाला की खात्यात कोणी घाम गाळत नाही. झिंग उतरली की येईल घरी, असं म्हणून आम्ही चहा मागवतो.

शेजाऱ्यांकडे चौकशी केली तेव्हा एवढंच कळलं की जाण्याआधी त्यांचा थोरल्या भावाशी कडाक्याचा वाद झाला होता. हे भाऊ हेडमास्तर, गावात मोठा मान. दुसऱ्या दिवशी सकाळी खबर मिळाली. ओरत्तनाडूच्या बसचा एक कंडक्टर सांगून गेला की हेडमास्तर दोन दिवस दुपारी मोपेडला डबा अडकवून त्या रस्त्याने जाताना दिसतात. त्यांची शाळा तर अगदी उलट्या दिशेला होती.

हेडमास्तरांना स्टेशनवर बोलावलं. आवाज चढवला असता तर अशा माणसाने ओठ मिटून घेतले असते. मी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, डबा कोणासाठी नेता?  मग सगळं बाहेर आलं. पुतणीचं, म्हणजे धाकट्याच्या मुलीचं, लग्न ठरत होतं आणि बापाची दारू आड येत होती. त्यांनी धाकट्याला देवापुढे नेलं, आमच्याकडच्या रीतीने पेटता कापूर हाताने विझवून दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावली, आणि मित्राच्या माडांच्या बागेत पंपाच्या खोलीत कोंडलं. धाकटाही आपण होऊन गेला होता. दारूचा थेंब नाही, चार दिवसांत माणूस स्वच्छ होईल, असा हिशेब. काल तो नसलेल्या माणसांशी बोलत होता, तेव्हा हेडमास्तरांना वाटलं की अंगातलं विष उतरतंय.

डॉक्टरकडे का नेलं नाही, असं मी विचारलं.

"गल्ली सगळी आमचीच नात्याची, सार. डॉक्टरकडे नेलें तर कोणाकोणास सांगूं?"

आमचे हेड कॉन्स्टेबल दाराशी उभे होते. त्यांचे वडील रोज पिणारे, एकदम दारू तोडल्यावर तिसऱ्या दिवशी झटके येऊन वारले होते. त्यांनी जबाब पुरा होऊ दिला नाही, जीपची किल्ली उचलली.

खोली उघडली तेव्हा ते गृहस्थ तापाने फणफणले होते. सगळं अंग थरथरत होतं. अंगावरच्या मुंग्या काढ म्हणून आईला मराठीत विनवत होते. मुंग्या नव्हत्या, आईही नव्हती. जीपमध्ये मी त्यांचा हात धरून होतो, काढल्या हो, सगळ्या काढल्या, असं म्हणत. वाटेत एक झटका आलाच.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं आणि मला फैलावर घेतलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याने एकाएकी, आपल्या मनाने, दारू तोडायची नसते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवतात. यकृत मात्र आधीच गेलं होतं.

हेडमास्तरांवर कोंडून ठेवल्याचा गुन्हा लावता आला असता. ते इस्पितळाच्या व्हरांड्यात दोन दिवस अन्नावाचून बसले होते आणि बाई तक्रार द्यायला तयार नव्हत्या. मी 'व्यक्ती मिळून आली' असं लिहून प्रकरण बंद केलं. कायद्याने ते बरोबर होतं का, याची मला अजून खात्री नाही.

पुढे नऊ महिने ते जगले. दारूला शिवले नाहीत. रविवारी मी त्यांच्याकडे जाई. ते स्वतः कॉफी करून आणत, आणि आम्ही आमच्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलत बसू. बाई आतून आमचे शब्द दुरुस्त करत आणि हसत. तेवढं हसणं त्या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं म्हणे. आता मी चेन्नईत मुलाकडे असतो, सगळं सुख आहे. पण रविवार उजाडला की त्या ओसरीसाठी जीव तुटतो.

मग त्यांच्या पोटात पाणी साठू लागलं, आणि एका सकाळी रक्ताची उलटी झाली. ते गेले.

त्यांना इस्पितळात नेलं त्या दिवसापासून माझ्या स्टेशनात थरथरणारा माणूस आणला की, शेवटची कधी घेतली हे आधी विचारायचं आणि कोठडीऐवजी डॉक्टरकडे न्यायचं, असा मी दंडक घातला. या प्रकरणाने मला एवढं शिकवलं, असं मी म्हणत असे. ते पुरेसं नाही, हे मला बाईंनी दाखवलं. तेराव्याला भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या:

"सोडा म्हणून बारा वर्षें सांगितलें, सार. कुठें दुखतें कां म्हणून एकदांही विचारलें नाहीं."