जळगावात निघालेली घानाची संशोधनपत्रिका

आमचे हे तरुणपणी घानातल्या एका शाळेत इतिहास शिकवून आले, आणि तो देश त्यांच्या डोक्यातून काही उतरेना. जळगावच्या कॉलेजात नोकरी लागली, तरी जेवताना भाकरी मोडायची केळीबागांच्या गावात आणि गप्पा सगळ्या घानाच्या. शेवटी ऐंशीच्या दशकात त्यांनी घानाच्या इतिहासावर इंग्रजी संशोधनपत्रिका काढली. कचेरी म्हणजे आमची ओसरी. सहसंपादक मी. बी.ए. झालेली, म्हणजे पृथ्वीवरचं सगळं येतं अशी माझी खात्री.

छपाई लग्नपत्रिका छापणाऱ्या नानांकडे. ह्यांचा एक जुना घानाचा विद्यार्थी पुण्यात शिकत होता. तो मायदेशी परत चालला होता आणि वाट वाकडी करून मुद्दाम आमच्याकडे उतरणार होता. पहिल्या अंकाचा गठ्ठा त्याच्याच ट्रंकेतून जायचा, असं ठरलं. टपालाचा ह्यांना भरवसा नव्हता, आणि तिकडच्या जुन्या सोबत्यांना तर शब्द देऊन बसलेले.

पाहुणा संध्याकाळी येणार, आणि सकाळी नाना सुटी पानंच घेऊन दारात.

"बाइंडर पिंपळनेरले गया, वहिनी. आखाजी शे. आते तो सण खाईसनच येई."

ह्यांचा चेहरा उतरला. मी मात्र पदर खोचला. "त्यात काय एवढं? मी बांधते."

त्या दिवशी आमच्या गच्चीवर गल्लीतल्या बायका बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला जमल्या होत्या. आज एकीचे, उद्या दुसरीचे, अशी आमच्याकडे उन्हाळ्यात पाळी असते. मी पानं तिथेच नेली. गोधड्या शिवणारे हात ते. दाभण आणि जाड दोरा घेऊन बायकांनी बोलता बोलता अंक शिवून टाकले. राहिलं मुखपृष्ठ चिकटवणं. खळ शिजवायला हवी होती. पण शेजारच्या अक्कांच्या पातेल्यात बिबड्यांचं ज्वारीचं पीठ शिजून छान चिकट झालं होतं. मी सरळ त्यात हात घातला.

"अवं, त्यामा तीळ-लसूण-मिरची शे!" अक्का ओरडल्या.

"चिकटल्याशी मतलब, अक्का."

"कर माय. तू शिकेल शेस ना."

मी शिकलेलीच होते. म्हणून अंक वाळायलाही बिबड्यांच्या शेजारी, खाटेवर, भर वैशाखाच्या उन्हात मांडले.

दुपारी पाहिलं तर बिबडे वाळले होते आणि मुखपृष्ठंही अगदी तशीच वाळली होती. कडा वर उचललेल्या, मधे फुगे. कण्यावर तीळ टिच्चून बसलेले. वास असा की, वरण-भात घेऊन बसावं.

"हा इतिहास आहे की तोंडी लावणं?" हे कपाळाला हात लावून म्हणाले. "लोक हसतील. नाही द्यायचा हा अंक."

त्यांनी गठ्ठा कपाटात कोंबला. सहसंपादक स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरू लागल्या. डोळ्यांत पाणी यायला कारण हवं होतं.

पाहुणा आला. बसला, आणि कपाटाकडे नाक वळवून म्हणाला, "सर, काहीतरी फार छान शिजतंय." हे खिडकी उघडायला उठले. तेवढ्यात अक्कांनीच बिबडा भाजून, वर तेल लावून आणला. त्यानं तो खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग स्वतः उठून कपाट उघडलं. एका अंकाचा कणा हुंगला आणि असा हसला की गच्चीवरच्या बायका वाकून बघू लागल्या.

"माझी आई कसाव्याच्या कंदाच्या पिठानं कागद चिकटवते," तो म्हणाला. "फक्त मीठ घालायचं तिला कधी सुचलं नाही."

गठ्ठा ट्रंकेत गेला. वर अक्कांनी बिबड्यांची थप्पी ठेवली.

पुढे नव्वदच्या दशकात हे निवृत्त होईपर्यंत पत्रिका चालली. बाइंडरनं बांधलेले अंक गुळगुळीत, बिनवासाचे. पण घानाला जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यात बिबडे असायचे. तिकडून तशी मागणीच असे. तिकडच्या विद्वानांचे लेख नेहमी वेळेवर यायचे. संपादकाच्या व्यासंगाचा तो मान होता, असं हे अजून सांगतात. मी मान डोलावते आणि त्यांच्या ताटात बिबडा वाढते.