दुर्गा भुवडने लावलेली नाती

दुर्गा भुवड कुणालाही नातं लावल्याशिवाय बोलत नाही. रिक्षावाला दादा, कोळीण मावशी, गॅस घेऊन येणारा भाऊ, आणि बिल थकलं म्हणून मीटर तोडायला आला तोही भाऊ. तिचं म्हणणं असं, की माणसाला आधी नातं लावावं, मग त्याला आपल्याला फसवायची लाज वाटते. भाईंदरजवळच्या मुर्धा गावात, आमच्या बिल्डिंगमध्ये मी तिच्या समोरच्या दारात बरीच वर्षं काढली आहेत आणि माझं मत नेमकं उलटं आहे. बाजारात जो 'ताई, ताई' करतो तोच मापात मारतो. यावरचं आमचं भांडण जुनं आहे आणि ते मिटवायची दोघींनाही घाई नाही.

तिच्या मताला पाया आहे, फक्त तो पाया मला कळत नाही. गुहागरकडून लग्न होऊन ती भाईंदरला उतरली, तेव्हा तिचा नवरा राघो रिक्षा बघायला गेला. तेवढ्यात एक माणूस आला, "वहिनी, मी राघोचा दोस्त," म्हणाला, तिची पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि चालायला लागला. तो अजून चालतोच आहे. पेटीत माहेरची भांडी होती. दुसरी एखादी यातून शिकली असती, की नातं सांगत येणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. दुर्गा शिकली ते असं, की नातं त्याने आधी लावलं म्हणून तो जिंकला, पुढच्या वेळी आपण आधी लावायचं.

पुढे राघो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागला, त्यामुळे भांड्यांचा प्रश्न सुटला. पुढे काम सुटून तो घरी बसल्यावर दुर्गाने आपली शेजारची खोली भाड्याने द्यायला काढली. मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात बाहेरदेशचे पेशंट येतात, त्यांना महिना-दोन महिने खोली लागते. गिऱ्हाईक आणून द्यायचा साईराज. हा शेजारच्या मोरवा गावचा पोरगा, धंद्याने एजंट. केसांना जेल, हातात दोन फोन, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला डायबेटिस व्हावा. दुर्गाला तो मावशी म्हणायचा. दुर्गा त्याला आपला पोरगा म्हणायची. मी त्याला काहीच म्हणत नव्हते.

त्याने आणलेल्यांतली एक नीमा. टांझानियात टांगा म्हणून गाव आहे, तिथे ती शाळेत शिकवते. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोघी आल्या होत्या. परमुलखात कसं राहायचं याचा नीमाने निघण्यापूर्वी अभ्यास केला होता. अंगावर सोनं घालायचं नाही. सगळे पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. कुठे उतरलोय ते रिक्षात बोलायचं नाही. रस्त्यात कुणी साहेब म्हणून अडवलं तर पाकीट काढायचं नाही, चौकीत चला म्हणायचं. आणि पासपोर्ट कुणाच्याही हातात द्यायचा नाही. हे सगळं तिने सिनेमांतून शिकलेल्या मोडक्या हिंदीत दुर्गाला ऐकवलं, आणि दुर्गाने पोरीचा पाढा ऐकावा तशी मान डोलावली.

"शहाणी पोर हाय," ती मला म्हणाली. पैसे पदराच्या गाठीला बांधावेत, अशी भर तिने घातली. नीमाला पदर नव्हता. म्हणून दुर्गाने तिच्या झग्याला आतून खिसा शिवून दिला, आणि दोघींचे पासपोर्ट त्या खिशात गेले.

परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाला त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते, हे खरं आहे. ती घरबसल्या फोनवरून होते आणि पासपोर्ट हातातून सोडावा लागत नाही, हेही खरं आहे, पण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. साईराज म्हणाला, "मावशी, तू कशाला टेन्शन घेतेस? मी करतोय ना. फक्त ओरिजनल पासपोर्ट लागतील."

नीमाने खिशावर हात ठेवला आणि नाही म्हणाली. दुर्गा हसली. "दे गो बाय, आपलाच पोरगा हाय," असं तिने मराठीत म्हटलं, मग तेच हिंदीत म्हटलं. नीमाने दुर्गाच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि आत जाऊन पासपोर्ट काढून आणले. तिने साईराजवर विश्वास टाकला नव्हता. दुर्गावर टाकला होता.

ऑपरेशन चांगलं झालं. म्हातारी वॉकर धरून आमच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला लागली. परतीचं तिकीट भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचं होतं. दिवाळीच्या आधी साईराज आला आणि सांगायला लागला, की नोंद उशिरा झाली, आता केस होणार, साहेबांना पैसे द्यावे लागतील, तोवर पासपोर्ट अडकलेत. रक्कम त्याने तोंडाने सांगितली नाही, फोनवर आकडे टाकून दाखवली. आकडा पाहून नीमा पलंगावर बसली. जवळचं होतं नव्हतं ते हॉस्पिटलात गेलं होतं. साहेब कोण, हे मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, "मॅडम, नावं घ्यायची नसतात." साहेब बहुधा तोच होता.

मी म्हटलं, पोलिसांत चला. तेच बरोबर होतं, असं मी आजही म्हणते. पण साईराजने जाता जाता दुर्गाला ऐकवलं होतं, की घर तुझं, वेळेत नोंद केली नाहीस तू, म्हणजे आधी आत तू जाणार. राघोचं तोंड उतरलं. नीमाने आपल्या वकिलातीत फोन केला. तिथे सांगितलं, की आधी तक्रार करा, नवे कागद मिळायला वेळ लागेल. तोपर्यंत तिकीट जाणार, व्हिसाही संपणार. म्हातारी रोज बोटाने आभाळाकडे दाखवून विमान कधी, असं विचारायची, आणि नीमा तिला हसून मान हलवायची. ते मला बघवत नव्हतं.

दुर्गा दोन घास खाईना. चकल्या तळता तळता मला म्हणाली, "ताई, ती नको म्हणत होती. माझ्या तोंडाकडे बघून दिलान." माझा टोमणा तयार होता, पण ती वेळ नव्हती.

नरकचतुर्दशीला तिने साईराजला फोन लावला. "सोय झालीय बाबा. भाऊबीजेला फराळाला ये, येताना त्यांचे पासपोर्ट घेऊन ये." मी विचारलं, कसली सोय? ती म्हणाली, "बघू." मग वाणसामान आणायला म्हणून रिक्षाने गेली आणि हात हलवत परत आली. ती मोरव्याला साईराजच्या आईकडे गेली होती, हे मला नंतर कळलं.

भाऊबीजेला दुपारी साईराजची आई, जाईबाई, आली. ठेवणीतलं पातळ नेसलेली, हातात पेढ्यांचा पुडा. चार घरची धुणीभांडी करून या बाईने पोराला वाढवलं. साईराज एकुलता. त्याला बहीण नाही, चुलत-मावस कुणी जवळ नाही, त्यामुळे भाऊबीजेला त्याचं कपाळ कोरंच. बाहेरदेशची बाई आपल्या पोराला ओवाळणार आहे, एवढंच दुर्गाने तिला सांगितलं होतं. जाईबाई सगळ्या मजल्याला ते सांगत होती. बायका पॅसेजमध्ये येऊन उभ्या राहिल्या.

साईराज आला तो बॅग खांद्याला लावून. पुढच्या खोलीत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, आणि भिंतीला टेकून त्याची आई. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तू इथे?" एवढंच त्याला सुचलं. जाईबाई म्हणाली, "बस रे, टोपी घाल." घरात टोपी नव्हती. राघोने कपाटातून आपला रुमाल काढून त्याच्या डोक्यावर टाकला. तेवढंच काम त्या दिवशी राघोने केलं, पण वेळेवर केलं.

नीमा आपल्या छापील झग्यात ताट घेऊन आली. दुर्गाने तिला सकाळभर शिकवलं होतं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, अंगठी फिरवली, मग निरांजन. कुठे चुकली नाही. म्हातारी वॉकर धरून दारात उभी होती. जाईबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. पोराच्या कपाळाला बहिणीचं कुंकू ती पहिल्यांदा पाहत होती.

साईराजने खिशातून शंभराची नोट काढून ताटात टाकली आणि उठायला लागला. नीमा ताट घेऊन तशीच उभी राहिली. ताट खाली ठेवल्याशिवाय पाटावरून उठता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

"शंभर?" जाईबाई म्हणाली. "एवढ्या लांबून आलेली बहीण, आणि शंभर?"

त्याने पाचशेची टाकली. ताट हललं नाही.

"अगो, तिला काय हवंय ते तरी विचार," जाईबाई दुर्गाला म्हणाली.

दुर्गा म्हणाली, "तिलाच विचार. मराठी येतंय तिला."

नीमाला मराठीची एकच ओळ येत होती. ती तिने सावकाश, शाळेतल्या बाईसारखी स्पष्ट म्हटली. "दादा, आमचे पासपोर्ट द्या."

"हिचे पासपोर्ट तुझ्याकडं?" जाईबाईने विचारलं.

"अगं, नोंदणीला दिलेले. देणारच होतो आज," साईराज म्हणाला. ते एका अर्थी खरंही होतं. त्याने बॅगेतून एक पासपोर्ट काढला आणि ताटात, नोटांवर ठेवला. नीमाने पान उघडून पाहिलं. ताट हललं नाही.

"आणि म्हातारीचा?" जाईबाईने विचारलं. आता तिचा आवाज ओवाळणीचा राहिला नव्हता.

दुसराही आला. तेव्हा ताट खाली गेलं. दुर्गाने त्याच्यापुढे चकल्या-करंज्यांची बशी ठेवली, आणि तो खाली मान घालून जेवढं वाढलं तेवढं सगळं खात राहिला. पैशाचा विषय त्याने काढला नाही. दारात चप्पल घालताना जाईबाईने एवढंच विचारलं, "उद्या बहिणीला विमानतळावर कोण सोडणार?"

दुसऱ्या दिवशी साईराज दोस्ताची गाडी घेऊन आला. म्हातारीला त्याने हाताला धरून बसवलं. नीमाने दुर्गाला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. गाडी वळली तशी मी दुर्गाला म्हटलं, "जिंकलीस बाई. नातं चाललं तुझं." हे म्हणायला मला किती जड गेलं, ते माझं मला माहीत.

"नातं नाय चाललं ताई," ती म्हणाली. "त्याची आय चालली. जाईबाई नसती तर?" मग पदराने तोंड पुसून ती जिना चढायला लागली.

पुढच्या महिन्यात त्या खोलीत युगांडाचं एक जोडपं आलं. हॉस्पिटलातल्या नर्सने पाठवलं होतं, एजंट नव्हता. नोंद दुर्गाने माझ्याजवळ बसून माझ्या फोनवरून केली. पासपोर्ट त्या माणसालाच हातात धरायला लावला, फोटो मी काढला. नंतर तिने त्याच्या सदऱ्याला आतून खिसा शिवून दिला आणि दारात उभी राहून त्याला समजावलं. "बेटा, ये किसी को देने का नहीं. एजंट आयेगा, साहब आयेगा, नहीं देने का."

"आपको भी नहीं, आंटी?" तो हसून म्हणाला.

दुर्गा हसली नाही. "मेरे को तो बिलकुल नहीं," ती म्हणाली. "मैं बोलेगी ना, दे दो, अपनाच लडका है, तो भी नहीं."